वेगळं राहण्याचं वर्ष

दिवाळी अंकांसाठी मी अमेरिकन कथांची भाषांतरं करते. जुन्या कथांत नवऱ्याला सोडायचं तर बाईला चर्च, गाव, बाप अशा सगळ्यांना तोंड द्यावं लागायचं. बहुतेकदा ती दारापर्यंत जाऊन परत फिरायची. पुढच्या काळातल्या कथांत तिला नोकरी मिळाली, वकील मिळाला. हल्लीच्या कथांत तर दोघं नाश्ता करता करता वेगळं व्हायचं ठरवतात. कुत्रा कोणाकडे राहणार यावरून थोडी बाचाबाची होते, की संपलं! या माणसांचा मला हेवा वाटतो आणि रागही येतो. त्यांच्या गोष्टीत मेली सासूच नसते.

इथे जर्मनीत घटस्फोटाआधी वर्षभर वेगळं राहावं लागतं. त्याला ट्रेनुंग्सयार म्हणतात. एका घरात राहिलं तरी चालतं, पण चूल, अंथरूण, धुणं सगळं वेगळं हवं. वोल्फ्सबुर्गला दुसरं घर मिळेना, म्हणून नवरा आणि मी तसे राहू लागलो. भांडणं केव्हाच संपली होती. मला फक्त सुटायचं होतं.

वर्ष संपत आलं आणि पुण्याहून सासूबाई महिनाभरासाठी आल्या. त्यांना खरं सांगायची छाती दोघांचीही झाली नाही.

"आई आहे तोवर सांभाळून घे," नवरा म्हणाला.

मी घेतलं. तिघांच्या पोळ्या लाटल्या, त्याचा डबा भरला, त्याचे शर्ट माझ्या कपड्यांबरोबर धुतले. सासूबाई मात्र व्हिसा संपेपर्यंत राहिल्या.

त्या गेल्यावर मी वकीलबाईंकडे गेले.

"एवढे दिवस नवऱ्याचाही स्वयंपाक तुम्ही करत होतात?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग याला वेगळं राहणं म्हणता येणार नाही. नवऱ्याने हरकत घेतली, तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून."

नवऱ्याने हरकत घेतली. "रोज डबा देत होतीस की. मला वाटलं, मिटलं सगळं," तो म्हणाला. त्याला खरोखरच तसं वाटलं होतं. मला त्याच्यावर धड चिडताही येईना.

मग सगळा राग सासूबाईंवर निघाला. फोन करून त्यांना एका दमात सगळं सांगून टाकलं. त्या जराही दचकल्या नाहीत.

"अगं, आल्या दिवशीच कळलं होतं मला. म्हणून तर मुक्काम वाढवला."

"अहो आई, तुम्हाला माहीत होतं?"

"न कळायला काय झालं? मीसुद्धा बॅग भरली होती एकदा. तेव्हा माझ्या सासूबाई अशाच येऊन राहिल्या होत्या आमच्याकडे."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? राहिले," त्या म्हणाल्या आणि पुढच्या उन्हाळ्याचं माझं तिकीट आत्ताच काढून ठेव म्हणून सांगितलं.