पाच मिनिटं लाईन मोकळी

बारकू भोयेला मी वेडा म्हणायचे, आणि तेही त्याच्या तोंडावर. तो नुसता हसायचा. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून होती. मी स्टोअर्समध्ये क्लार्क, तो इन्स्ट्रुमेंट विभागात मेकॅनिक. मी सायखेड्याची, म्हणजे मनात येईल ते बोलून मोकळी होणारी. तो हरसूलकडच्या पाड्यावरचा, भात-नागलीच्या घरातला. त्याच्याकडून दोन शब्द काढायचे तर आपल्याला वीस खर्च करावे लागायचे. उरलेलं सगळं बोलणं तो त्या मशीनसाठी राखून ठेवतो, असं त्याची बायको चंद्रभागा म्हणायची.

मशीन म्हणजे जुना कॉम्प्युटर. पंच्याऐंशीच्या सुमारास सरकारी योजनेत शाळांना विलायती बनावटीचे कॉम्प्युटर वाटले होते. जाडजूड कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र आणि वर टीव्ही जोडायचा. शहाण्णव साली एका शाळेने तसे चार भंगारात काढले. बारकूने ते रिक्षात घालून घरी आणले, चारांचे मिळून दोन चालू केले, एक स्वतःला ठेवला आणि दुसरा धाकट्या भावाला, काळूला दिला. काळूचं हरसूलच्या बाजारात एसटीडीचं बूथ होतं, मागेच घर. भावाभावांनी मोडेम जोडून फोनच्या तारेवरून एकमेकांना पत्रं पाठवायला सुरुवात केली. पहिलं पत्र काळूचं होतं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी: आईने नागलीच्या भाकरी केल्यात, वास येतो का? बारकूने ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं.

पुढे कळलं की या मशीनवर जीव असलेली माणसं जगभर आहेत. फार नाहीत, तीसेक. वेल्समधली ग्वेन नावाची निवृत्त नर्स, न्यूझीलंडमधला संगीताचा मास्तर, फिनलंडमधली दातांची डॉक्टर. ही मशीनं बनवणं केव्हाच थांबलं होतं, पण ही मंडळी त्यांना फोनवरून बोलतं ठेवायची. त्यासाठी टपालाचा एक प्रोग्राम होता. आधी तो फ्लॉप्यांवरून पोस्टाने यायचा, नाशकात इंटरनेट आल्यावर त्यावरून यायला लागला. तो मुळात लिहिणाऱ्या इंग्रज गृहस्थाची नजर गेली, तेव्हा प्रोग्राम सांभाळायचं काम त्यांनी बारकूकडे सोपवलं. आपल्याकडच्या लाईनी इतक्या खराब की प्रोग्राममधला प्रत्येक दोष सगळ्यात आधी बारकूला दिसायचा, आणि दिसला की दुरुस्त केल्याशिवाय तो जेवायचा नाही. पगार नाही, काही नाही. वेडा म्हणायचे ते उगीच नाही.

त्याचं इंग्रजी बेताचं, म्हणून पत्रं मी लिहून द्यायचे. रविवारी सकाळी मी पालेभाजी निवडायला घेऊन त्यांच्याकडेच जाऊन बसायचे. सव्वानऊला मशीन आधी हरसूलला फोन लावायचं, काळूच्या मशीनशी टपालाची देवघेव करायचं, आणि मग जगाचं टपाल आणायला इंटरनेटच्या नंबराकडे वळायचं. मोडेम किंचाळून गप्प झालं की पडद्यावर एकेक ओळ उमटायला लागायची. खिडकीतून कूलिंग टॉवरची वाफ वर जाताना दिसायची, आणि मी मेथीची जुडी हातात धरून कुठल्या कुठे जायचे. न्यूझीलंडच्या मास्तरच्या अंगणात आत्ता ऊन कलत असेल. दातांच्या डॉक्टरीण बाई पहाटेच्या बर्फातून चालत येऊन हातमोजे काढत असतील. एकलहऱ्यातली ती दहा बाय बाराची खोली जमिनीवरून वीतभर उचलली गेलीय असं वाटायचं. मेथी निवडून व्हायची नाही, आणि घरी गेल्यावर बोलणी खायची ती मीच.

नव्याण्णवच्या मार्चमधला एक रविवार मात्र मी विसरू शकत नाही. त्या दिवशी प्रोग्रामची नवी आवृत्ती बाहेर पाठवायची होती आणि बाहेरून पुष्कळ काही आणायचं होतं. साडेदहाला मशीन फोनवर बसलं ते दीडपर्यंत उठलंच नाही. लाईन सुटली आणि लगेच घंटी वाजली. काळू होता. म्हणाला, आई गेली, तीन तास लावतोय मी. एवढं बोलून त्याने ठेवला.

त्यांची आई, तानुबाई, बरेच दिवस आजारी होत्या, पण इतक्यात असं होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. सकाळपासून त्या बारकूचं नाव घेत होत्या. काळूने बूथमधली वायर लांबवून फोन त्यांच्या उशाशी नेला होता, निदान आवाज तरी ऐकवावा म्हणून. नंबर फिरवला की एंगेज, पुन्हा फिरवला की एंगेज. हे सगळं बारकूला तिथे पोचल्यावर शेजाऱ्यांकडून कळलं. काळू त्याच्याशी बोलला नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. नंतर बारकूने फोन केला तर त्याचा आवाज ऐकताच काळू रिसीव्हर खाली ठेवायचा.

मला वाटलं, आता बारकू ते मशीन उचलून नदीत टाकेल. महिनाभर त्याने त्याला हात लावला नाही. मग एका रविवारी सव्वानऊला, का कोण जाणे, त्याने ते सुरू केलं. हरसूलचा नंबर लागला आणि पलीकडून काळूच्या मशीनने उत्तर दिलं. ते मशीन हाताने चालू करावं लागायचं, आणि हरसूलमध्ये ते काळूशिवाय कुणाला येत नव्हतं. म्हणजे काळूने ते चालू करून ठेवलं होतं. पत्र काही नव्हतं. नुसतं 'टपाल मिळालं' एवढंच, तेही मशीनने आपलं आपण म्हटलेलं. बारकू कितीतरी वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसला.

त्यानंतर दर रविवारी तसंच. मशीनं बोलायची, भाऊ बोलत नव्हते. माझ्या डोक्यात जायचं हे. आमच्याकडे भांडण म्हणजे चार दिवस आरडाओरडा आणि पाचव्या दिवशी जेवायला बोलावणं. मी बारकूला म्हटलं, ऊठ, गाडी पकड, जा आणि पाय धर त्याचे. तो म्हणाला, काय तोंडाने जाऊ.

त्याच वर्षी त्याने प्रोग्राममध्ये एक बदल केला. घड्याळात पुरा तास किंवा अर्धा तास झाला की मशीनने, काहीही चाललं असेल तरी, फोन ठेवून द्यायचा. पाच मिनिटं लाईन मोकळी. मग पुन्हा लावायचा आणि जिथे सोडलं तिथून पुढे. हा नियम त्याने सगळ्यांसाठीच केला. मी विचारलं, तुझ्यापुरता कर ना, जगाला कशाला? तो म्हणाला, त्यांनाही कुणी लावत असेल.

मग रविवारची ती पाच मिनिटं आली की मोडेम गप्प व्हायचं आणि मला वाटायचं, आत्ता वेल्समध्ये, फिनलंडमध्ये, न्यूझीलंडमध्ये, सगळीकडचे फोन एकाच वेळी गप्प होऊन वाट बघत बसलेत. खोलीत आम्ही कुणी बोलायचो नाही. चंद्रभागासुद्धा भांडी घासायची थांबायची. वाफ वर जात राहायची. पाच मिनिटं इतकी मोठी असतात हे मला तिथेच कळलं. फोन मात्र कधी वाजला नाही.

बाहेरची मंडळी वैतागली. पत्रं मध्येच तुटतात, अर्ध्या तासाचं काम पाऊण तास घेतं, हे कशाला? बारकूचं उत्तर ठरलेलं: मुद्दाम ठेवलं आहे. तीन वर्षं त्याने तेच उत्तर दिलं आणि तीन वर्षं मीच ते इंग्रजीत टाईप केलं. दोन हजार दोनच्या जानेवारीत ग्वेनचं पत्र आलं, सभ्य पण स्पष्ट. बहुतेकांना ही विश्रांती नको आहे. कारण सांगा, नाहीतर आम्ही आमच्यापुरती ती काढून टाकू. तसं झालं असतं तर प्रोग्राम दोन तऱ्हेचे झाले असते आणि त्यांची मशीनं आमच्या मशीनशी बोलू शकली नसती. तीस माणसांचं ते जग मधोमध फाटलं असतं, आणि हरसूलचं मशीन बारकूखेरीज कुणाच्याच हिशेबात उरलं नसतं.

मी म्हटलं, लिही की खरं काय ते, चोरी केलीस का? शनिवारी संध्याकाळी तो बोलत गेला आणि मी लिहीत गेले. त्या दिवशी त्याने मला वीस शब्द खर्च करायला लावले नाहीत. माझी आई वारली तेव्हा माझा भाऊ तीन तास मला फोन लावत होता आणि माझं मशीन तुमच्याशी बोलत होतं, असं त्याने सांगितलं. तो आता माझ्याशी बोलत नाही, त्याचं बरोबर आहे. ही पाच मिनिटं त्याच्यासाठी आहेत, तेवढी राहू द्या. मी एक शब्दही सुधारला नाही. डोळे पुसत टाईप केलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत आम्ही मशीनसमोर बसलो. सव्वानऊ झाले. नेहमीप्रमाणे पडद्यावर ओळी आल्या: हरसूल. एक पत्र. टपाल मिळालं.

बारकूच्या हातातला कप तसाच राहिला. माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. आमच्या टपालाची रीतच ती होती, एकाचं पत्र सगळ्यांना जायचं, आणि सगळ्यांत पहिलं हरसूलला. तो प्रोग्राम ज्याने रात्रंदिवस डोक्यात बाळगला त्याला हे आठवलं नाही, आणि शहाणपणा शिकवणाऱ्या मलाही नाही. जगाला लिहिताना आम्ही काळूला जगात धरलंच नव्हतं. बारकूने मशीन बंद करायला हात पुढे केला, पण गेलेलं पत्र काही परत येत नसतं.

आठवडाभर बाहेरून पत्रं आली. विश्रांती राहू दे, सगळ्यांनी लिहिलं. ग्वेनने लिहिलं की तिने आपल्या दोन्ही मुलींना ती पाच मिनिटं सांगून ठेवली आहेत. बारकूने ती पत्रं धड वाचलीही नाहीत. पुढच्या रविवारी सव्वानऊला हरसूलला नुसतीच घंटी वाजत राहिली. त्याच्या पुढच्याही रविवारी. तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बारकूपाशी भावाचा म्हणून जो एवढासा धागा उरला होता तोही तुटला, आणि तोडायला मीच कात्री दिली. त्या पंधरवड्यात मी त्याच्यासमोर जायचं टाळत होते.

तिसऱ्या रविवारी चंद्रभागाने मला हाक मारून बोलावलं. नऊची वेळ होती. दारात काळू उभा होता. आदल्या संध्याकाळच्या गाडीने येऊन तो नाशकात सीबीएसच्या बसस्टँडवर झोपला होता, कपड्यांवरूनच कळत होतं. बारकू खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच थांबला. कुणी कुणाला ये म्हटलं नाही. शेवटी चंद्रभागाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि काळू आत येऊन जमिनीवर भिंतीला टेकून बसला.

"दोन रयवार मशीन चालूच केलं नाय," तो म्हणाला. "हात व्हईना. मला वाटायचं लाईनच खराब हाय, म्हनून मधी मधी तुटतं. तू ठेवलं व्हतं ते ठावं नव्हतं. तुमची विंग्रजी पत्रं मी वाचतच नव्हतो, ह्येच एक लांब दिसलं म्हनून शब्द लावून वाचलं."

काळू पाणी प्यायला आणि तांब्या खाली ठेवून जमिनीकडे बघत पुढचं बोलला.

"तुझा फोन लागत नव्हता तवा आईनं रिसीव्हर मागितला. कानाला लावला. त्यो एंगेजचा आवाज ऐकला तिनं. म्हने, बारकू बोलतोय का कुनाशी? मी म्हनलं, हां. तं म्हने, मंग बोलू दे त्याला, तोडू नको. एकटा नाय ना त्यो तिकडं. मंग तसाच कानाला धरून पडली व्हती. जाईपर्यंत." मग तो म्हणाला, "हे मी तुला सांगितलं नाय. लय राग व्हता. दाबून ठेवलं तीन वरसं."

मला त्या क्षणी काळूच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या, आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. बारकू खुर्चीवरून खाली आला आणि भावाशेजारी भिंतीला टेकून बसला. रडला. मोठ्याने नाही, पण बराच वेळ. काळू त्याच्या पाठीवर हात ठेवून समोर बघत राहिला. मध्येच सव्वानऊ झाले आणि मशीनने नेमाने हरसूलचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. दोघांनी एकदम वर बघितलं, आणि काळूला आधी हसू आलं.

चहा झाल्यावर बारकू मशीनपाशी गेला. प्रोग्राम उघडून त्याने विश्रांतीच्या त्या ओळी शोधल्या आणि एकेक करून पुसल्या. जगाने आत्ताच तर राहू दे म्हणून लिहिलं होतं, असं मी म्हटलं. तो म्हणाला, ज्यांना हवी त्यांनी ठेवावी, नव्या आवृत्तीत दोन्ही तऱ्हेची मशीनं एकमेकांशी बोलतील. मग मला म्हणाला, "आशाताई, नव्या आवृत्तीबरोबर दोन ओळी लिहा."

मी कागद ओढला. त्याने सांगितलं तसं लिहिलं: माझ्या मशीनवरची पाच मिनिटांची विश्रांती आजपासून काढली आहे. आईची हरकत नव्हती, हे मला आज कळलं.