सप्रसंग व्याख्या

दर रविवारी सकाळी आमच्या मुलीचा बंगळुरूहून फोन येतो. तो तिच्या बाबांना येतो. मी भिंतीला पाठ लावून लसूण सोलत बसते आणि एकाच बाजूचं बोलणं ऐकते.

"हव बेटा. हव. आई? हव, बरी आहे ना. विचारून राहिली होती तुले."

मी विचारलेलं नसतं. तिनंही माझं विचारलेलं नसतं. रेल्वेच्या ऑफिसात आयुष्यभर फायलीत एक अक्षर खोटं न लिहिलेला हा माणूस दर रविवारी दोन्हीकडून खोटं बोलतो, आणि मी त्यांना अडवत नाही. फोन ठेवल्यावर ते पोहे मागतात, मी वाढते.

आमचं बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली. एवढ्या काळात तिच्या मनात मी कुठं तरी उरले आहे का, इतकंच मला जाणून घ्यायचं होतं. प्रेम मागत नव्हते. तेवढं तोंड मला राहिलेलं नाही. राग असला तरी चाललं असतं, आणि ती तिकडे ज्या बँडमध्ये गाते त्याच्या गाण्यांत मी हा रागच शोधत होते.

मी हिंदीची शिक्षिका, आता निवृत्त. घरात मराठी, शाळेत हिंदी, असं रायपूरच्या आमच्यासारख्या घरांत पिढ्यानपिढ्या चाललं आहे. महाराष्ट्रातल्या शाळांत कवितेचं रसग्रहण करतात, आमच्या इथं सप्रसंग व्याख्या. चार खाने असतात. संदर्भ म्हणजे ओळी कुठल्या, कोणाच्या. प्रसंग म्हणजे विषय काय. व्याख्या म्हणजे अर्थ. आणि शेवटी विशेष, म्हणजे भाषा, अलंकार आणि जे कुठंच बसत नाही ते. तीस वर्षं मी पोरांकडून हे घोटून घेतलं. "प्रस्तुत पंक्तियों में कवि कहना चाहता है कि" हे वाक्य मी इतक्या वेळा तपासलं आहे की माणूस सरळ काही सांगतो यावर माझा विश्वासच उरला नव्हता. कवितेत पाऊस आला की तो दुःखाचा, दिवा आला की तो आशेचा. नुसता दिवा लिहिणाऱ्या पोराचे मी गुण कापायची.

मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिला गिटारचं वेड लागलं. सदर बाजारातल्या दुकानातून बाबांनीच आणून दिली होती. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर ते टिणटिण चालायचं, खालचे काका जिन्यातून ओरडायचे. एका संध्याकाळी मी वह्या तपासत होते. ती आली आणि गठ्ठ्यावर स्वतःची वही ठेवली. घरातही ती हिंदीच बोलायची.

"आई, मेरा गाना है. पढ़ के बताओ ना."

मी म्हणाले, "ठेव तिथं. पाळी आली की पाहते."

पाळी आली. गाणं असं होतं. बस में चढ़ती हूँ, कॉलेज से पहले उतर जाती हूँ. दो महीने हुए. तालाब के किनारे बैठती हूँ, शाम को घर आ जाती हूँ. माँ पूछती है, पढ़ाई कैसी है, मैं कहती हूँ, अच्छी है.

यमक नाही, अलंकार नाही. मी लाल पेन उचललं. व्याख्या: कवयित्री ने बस के प्रतीक द्वारा आधुनिक जीवन की दिशाहीनता दिखाई है. विशेष: भाषा गद्यात्मक है, निराशा अनावश्यक है. दहापैकी चार. वर, आपल्याच पोटची आहे म्हणून एक गुण जास्त दिला, असंही तिला हसत हसत सांगितलं.

तिनं वही घेतली. दारापाशी जाऊन वळली. "बस इतना?" म्हणाली.

"आणखी काय पाहिजे? उपमा नाही, काही नाही. मेहनत कर."

चार महिन्यांनी कॉलेजातून पत्र आलं. हजेरी नाही, परीक्षेला बसता येणार नाही. तेव्हा मला ती बस आठवली. ते तळं आठवलं. माझ्या मुलीनं मला काहीही न लपवता सगळं लिहून दिलं होतं, आणि मी त्यात प्रतीक शोधलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दुसऱ्यांची पोरं मला वर्गात चेहऱ्यावरून कळायची.

ही गोष्ट मी तेव्हा कबूल केली असती तर आज रविवारचा फोन मलाही आला असता. पण शरमेचा राग होतो, निदान माझा होतो. मी तिला नाही नाही ते बोलले. गिटार उचलली, लोखंडी कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि चावी कमरेला खोचली. "डिग्री घेऊन ये, मग चावी माग," असं म्हणाले. ती एकदाच म्हणाली, "मैंने तो बताया था." तिसऱ्या दिवशी एक बॅग घेऊन गेली. चावी तिनं मागितली नाही. ती अजून माझ्या कमरेला आहे. हे एकदा म्हणाले होते, "उघडून पाठवून दे ना तिले." मी म्हणाले, "तिनं मागू दे." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसली मी.

मागच्या वर्षी तिच्या बँडचं एक गाणं खूप चाललं. ह्यांच्या मोबाइलवर मी ते पाहिलं. केस कापलेले, दंडावर काही तरी गोंदलेलं. रॉक म्हणजे नुसता आरडाओरडा अशी माझी समजूत होती, पण ती हळू, जवळजवळ बोलल्यासारखं गात होती.

लोहे के पीछे जो बंद है, वो अब बजता नहीं. चाबी जिसके पास है, उसे सुनाई नहीं देता.

मी ती ओळ पुन्हा लावली. लोखंड, चावी, आत बंद असलेली वाजणारी वस्तू. आणि जिच्याकडे चावी आहे तिला ऐकू येत नाही. बस आणि तळ्यावरची पोरगी आणि लाल पेन, सगळं त्या एका ओळीत होतं. तिनं मला जगासमोर उभं केलं होतं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. म्हणजे मी तिला आठवत होते.

व्हिडिओखाली लोकांनी अर्थ लावले होते, शेकड्यांनी. कोणी म्हणे, हे सरकारवर आहे. कोणी म्हणे, हिचं लग्न मोडलं असणार. एका पोरानं लिहिलं होतं, लोखंड म्हणजे छाती आणि बंद आहे ते हृदय. माझ्या वर्गात असता तर मी त्याला दहापैकी आठ दिले असते. मी रोज दुपारी भांडी आवरून तिथं जाऊन बसायची. साऱ्या जगात या ओळींचा खरा अर्थ एकाच बाईला ठाऊक होता आणि ती ब्राह्मणपाऱ्यात तांदूळ निवडत होती.

"काहून वाचून राहिली तेच तेच?" हे विचारायचे.

"अर्थ पाहून राहिली."

"गाण्याचा कायचा अर्थ? ऐकाचं न सोडून द्याचं."

एक दिवस मला राहवलं नाही. ह्यांना सांगून दुसरं खातं उघडून घेतलं, नाव दिलं 'एक श्रोता'. मग बसून लिहिलं. माफी मागायला मला येत नाही, कधीच आली नाही. मला जे येतं त्यातच लिहिलं, हिंदीत, चार खाने पाडून. संदर्भ: प्रस्तुत पंक्तियाँ गायिका के अपने जीवन से हैं. प्रसंग: एक माँ ने बेटी का बाजा लोहे की अलमारी में बंद कर दिया है. व्याख्या: बेटी ने सच कहा था, माँ ने उसमें गलतियाँ निकालीं. आणि शेवटी विशेष: चाबी वाली को अब सुनाई देता है.

चौथा खाना लिहिताना मी रडले. पाठवून टाकलं आणि ह्यांना चहा करून दिला.

आठ दिवस काही नाही. दर दुपारी पाहायची. छातीतल्या हृदयावाल्या पोराच्या लिहिण्याखाली तिनं आवडल्याचा लाल बदाम दिला होता, सरकारवाल्यालाही दिला होता. मी मनाला समजावलं, माझं खरं आहे, म्हणून तिला वेळ लागत असेल. रविवारी फोन आला तेव्हा लसूण तसाच ठेवून मी ह्यांच्या अगदी शेजारी जाऊन बसले. तिनं हवापाण्याचं विचारलं, बाबांच्या गुडघ्याचं विचारलं. "आई बाजूलेच बसून आहे," हे म्हणाले. "अच्छा," ती म्हणाली, आणि मग गॅसचा नंबर लावण्याबद्दल बोलली.

उत्तर मंगळवारी आलं. सगळ्यांना दिसेल असं, माझ्या चार खान्यांच्या खाली.

"आई, संदर्भ-प्रसंग और कौन लिखेगा. ये गाना मैंने नहीं लिखा, हमारे ड्रमर ने लिखा है. उसके पापा की घड़ियों की दुकान थी. अब उनको सुनाई नहीं देता, तो दुकान बंद पड़ी है, चाबी उनके पास रहती है. बस इतना ही है. तुम पर मैंने कुछ नहीं लिखा. गिटार किसी को दे दो."

मी ते जितक्या वेळा वाचलं तितक्या वेळा ते तेच राहिलं. ओरडा नव्हता, टोमणा नव्हता. एखाद्या अनोळखी माणसाला पत्ता सांगावा तसं समजावून सांगितलं होतं. लोखंड म्हणजे दुकानाचं शटर. बजता नहीं म्हणजे घड्याळं. ऐकू येत नाही म्हणजे एका म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. जेव्हा तिनं स्वतःचं लिहून दिलं तेव्हा मी त्यात तिला पाहिलं नाही. आणि आता कोणा दुसऱ्याच्या बापाच्या दुकानात मी स्वतःला जाऊन बसवलं होतं. जित्याची खोड. 'तुम पर मैंने कुछ नहीं लिखा' या वाक्याला मी उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं. रागानं म्हणत असेल, म्हणजे मनात असेल, म्हणजे एवढं सांगावंसं वाटलं, म्हणजे... मग थांबले. तिचं बोलणं जसं आहे तसं ऐकायची माझ्यावर ही दुसरी वेळ होती, आणि बहुधा शेवटची.

हे आंघोळ करून आले. माझं तोंड पाहून म्हणाले, "काय झालं? काही लिहिलं का तिनं?"

"हव."

"काय म्हणते?"

"गिटार कोणाले तरी देऊन टाका म्हणते."

ते खुर्चीवर बसले. टॉवेल खांद्यावर तसाच. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरासारखं त्यांनी मला विचारलं, "म्हणजे? त्याचा अर्थ काय घ्याचा?"

"अर्थ काही नाही," मी म्हणाले. "गिटार देऊन टाकाची."

आणि कमरेची चावी काढून त्यांच्या हातात दिली.