बोकडवाली मावशी

टीव्हीतल्या जनावराशी घासाघीस करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. देवळाली कॅम्पात आमच्या चाळीच्या टोकाच्या खोलीत ती राहायची. तिचा नवरा तोफखान्यात होता. चाळीत केबल तिच्या एकटीकडेच, त्यामुळे संध्याकाळी पाचच्या ठोक्याला आम्ही सात-आठ पोरं तिच्या फरशीवर दाटीवाटीनं बसलेली असायचो. पाचला एक जुनं इंग्रजी कार्टून लागायचं. रंग विटलेले, आणि माणसं धावायला लागली की मागून तेच ते झाड पुन्हा पुन्हा जायचं. एक बाई, तिचा भाऊ, दोन मुलं आणि एक बोकड मोठ्या फुग्यात बसून निघतात, वादळात भरकटतात आणि चहूबाजूंनी उभे कडे असलेल्या दरीत पडतात. त्या दरीत लाखो वर्षांपूर्वीची अजस्र जनावरं अजून जिवंत. वर चढायला वाट नाही. रोज एखादं जनावर त्यांच्या मागे लागायचं आणि रोज मावशी उठून टीव्हीसमोर उभी राहायची. "चार-चार मानसं कसाले रे तुले? एक बोकड ले आनि चालता हो! पोरेसले हात लावू नको!" म्हणून चाळीनं तिचं नाव बोकडवाली मावशी ठेवलं.

मी तेव्हा दहा वर्षांची. विंचूरजवळच्या गावातून आम्ही नुकतेच कॅम्पात आलो होतो. आई बाजारात भाजीच्या ढिगामागे बसायची. डोंगरापलीकडे तोफांचा सराव चालतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी कार्टूनमधल्या जनावरानं पाय टाकला आणि नेमका त्याच क्षणी बाहेर धुडुम आवाज झाला. फळीवरची भांडी वाजली, टीव्हीवरचं चित्र हाललं. मी सरळ कॉटखाली. कॅम्पातच जन्मलेली पोरं फिदीफिदी हसली. ते जनावर आमच्या डोंगरामागे फिरतंय याबद्दल मला तीळमात्र शंका नव्हती. मावशी फरशीवर बसली आणि तिनं कॉटखाली हात घातला. "कसाले भीस वं? तो तठे शे, आठे मी शे." तो तिकडे आहे, इथे मी आहे. एवढं ऐकून मी बाहेर आले, पण तिचा पदर सोडला नाही.

मावशी बाजारात फौजी लोकांची हिंदी बोलायची, आमच्याशी शाळेतल्या बाईंसारखी स्वच्छ मराठी. घाबरली की मात्र तिचं माहेर तोंडात यायचं. माहेर बागलाणात, नामपूरचं, घरात कांद्याचा व्यापार. ती अहिराणीवर उतरली की आम्ही समजायचो, मावशी भ्यालेली आहे. तिचं एक म्हणणं होतं, "भीती वाटली की गप्प बसू नये, भाव करावा. भाव करणारा माणूस पळत नसतो." हे मी लगेच उचललं. तिच्या गुडघ्याजवळची जागा कायमची हवी म्हणून मी तिचे तांदूळ निवडून द्यायला तयार झाले. ती म्हणाली, रोज. मी म्हटलं, आठवड्यातून दोनदा. चार दिवसांवर सौदा पटला. "ही पोरगी बाजार खाईल," ती आईला म्हणाली. माझं इतकं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात सरहद्दीवर डोंगरांत लढाई लागली आणि काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, पलटण गेली. तोफा गेल्या तसा आमच्या डोंगरामागचा आवाजही बंद झाला. मला वाटलं, जनावर त्यांच्या मागोमाग गेलं. आवाज होता तेव्हा ते कुठे आहे ते कळायचं, आता कळेना. मला रात्री लवकर झोप येईना, आणि दिवसासुद्धा मी दाराकडे पाठ करून बसेनाशी झाले. मावशी बातम्या लावू द्यायची नाही. कुणी पेपरातलं सांगायला आलं की म्हणायची, "पाच वाजले, पोरांचं लागेल आता." वाजलेले असायचे साडेतीन.

एका दुपारी तांदूळ निवडायला मी लवकर गेले. मावशी टीव्हीसमोर उभी होती. टीव्ही बंद होता. वर सप्तशृंगीचा फोटो ठेवलेला असायचा, त्याच्याशी ती बोलत होती.

"पाय ले माय. एक पाय ले. पन जीव नको लेऊ."

ती नवस बोलत होती. मला मात्र तो रोजचाच सौदा वाटला, आणि चुकीचा वाटला.

"मावशी, पाय नका सांगू," मी म्हटलं. "पाय गेला तर काका सायकल कशी चालवतील? कान सांगा. कान स्वस्त पडतील."

ती दचकून वळली. डोळे पुसले आणि कितीतरी दिवसांनी हसली. "ऐक वं माय, ही काय म्हनस," ती फोटोकडे पाहून म्हणाली. "बरं. कान ले."

लढाई संपली. काका आले. दोन्ही पाय, दोन्ही हात, सगळं जागच्या जागी. चाळीनं पेढे वाटले. मी धावत जाऊन "काका!" म्हणून ओरडले. त्यांनी वळून पाहिलं नाही. पुन्हा ओरडले. शेजारच्यानं त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा ते वळले. मावशी पेढ्यांचं ताट हातात धरून दारात उभी होती. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी पाचला मी गेले, तर टीव्हीवर चादर टाकलेली. "आता टीव्ही नाही. घरी जा," ती म्हणाली. स्वच्छ मराठीत. म्हणजे ती भ्यालेली नव्हती. ती दरीतली माणसं बाहेर आली की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही.

मला याचा राग आहे, आणि तो मी लपवत नाही. तोफेवरच्या माणसाचे कान जातात हे कॅम्पातलं शेंबडं पोरही सांगेल. नवस तिचा, देवी तिची, बोलणारं तोंड तिचं. मी दहा वर्षांची पोर. पण तेव्हा हे असं भांडायला मला कुठे सुचत होतं? मला एवढंच कळलं होतं की मी एक भाव बोलले आणि कुणीतरी तो ऐकला. मी बोलणंच बंद केलं. भाजीच्या ढिगामागे आई विचारायची, "मेथीचा भाव काय सांगू गं?" मी तोंडावर हात ठेवायचे. आईला वाटलं, पोरीला कुणाची नजर लागली.

दिवाळीआधी काका फौजेतून सुटले आणि दोघं नामपूरला निघाली. टेम्पो भरत होता. मी खांबाआड उभी होते, काकांनी मला पाहिलं. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे ते गल्लीभर ओरडले, "अरे! तूच ना ती, कान सांगणारी?"

म्हणजे तिनं त्यांना सांगितलं होतं.

"स्वस्तात सोडवलंस गं मला!" ते ओरडले आणि खो खो हसले. त्यांचं हसू पाहून हमालही हसले. मी मावशीकडे पाहिलं. ती गोधडीत गुंडाळलेल्या टीव्हीला दोरी बांधत होती. ज्याचे कान गेले तो हसत होता. तिनं मान वर केली नाही, गाठ तेवढी आणखी आवळली. टेम्पो गेला.

आज नाशकात माझं भांड्यांचं घाऊक दुकान आहे. व्यापारी म्हणतात, या बाईशी भाव करणं म्हणजे डोकेफोड. आवाज चढतो, वजनकाटा आपटते. खरं आहे. जे काही शिकले ते मावशीच्या गुडघ्याजवळ बसून शिकले. फक्त एक गोष्ट त्यांना माहीत नाही. समोरच्यानं घासाघीस केली की मला बरं वाटतं. पण कधी कधी मी पहिला भाव सांगते आणि समोरचा मुकाट्यानं म्हणतो, "बरं, दिलं." तेव्हा मी ठरलेला सौदा मोडून टाकते.