बर्फातली जपानी बाई

आमच्या बैठकीत लाकडी ठशांनी छापलेलं एक जपानी चित्र आहे. बर्फ पडतोय आणि एक देखणी बाई तिरपी छत्री धरून, एक पाय किंचित उचलून उभी आहे. बारा वर्षं मी पाहुण्यांना तिचा विरह समजावत आलो. चहा येईपर्यंत तेही ऐकून घेत. परवा गावाहून आलेल्या वहिनी मध्येच म्हणाल्या, "भावजी, कसला विरह? तिच्या खडावेत बर्फ अडकलाय, तो झटकतेय बिचारी. भातखाचरातून वर आलो की आम्हीही चिखल असाच झटकतो."

पाहुणे मनापासून हसले. मी चष्मा पुसून पाहिलं. खडावेखाली खरंच पांढरा गोळा होता. विरह गेल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. बाई आता घरी पोचेल, एवढं तरी नक्की झालं.