दोब्रीची मान

मंगळवारी दोब्रीची नागरिकत्वाची मुलाखत होती, दुसरी आणि शेवटची. आणि रविवारी दुपारी हा माणूस स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी उभा राहून दगडांच्या सांध्यांवरून अंगठा फिरवत होता. त्याच्या बायकोला, त्सोन्काला, याचं नवल नव्हतं, वैताग होता. अठरा वर्षं न्यूयॉर्कभर लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवलेला माणूस देवीच्या तोंडाकडे बघेल कशाला? "सांधे सरळ आहेत," एवढं म्हणून त्याने देवीला निकालात काढलं.

सहलीचा घाट मुलीचा, वेसेलाचा. इथे येऊन बाबांना हुरूप येईल म्हणे. चुलीत गेला हुरूप. त्सोन्काला काळजी होती ती त्याच्या मानेची. बल्गेरियात 'हो' म्हणताना मान आडवी हलते आणि 'नाही' म्हणताना वरखाली. त्सोन्काची मान दोन वर्षांत इथल्या वळणावर आली, यथावकाश नागरिकत्वही मिळालं. दोब्रीची मान यांबोल गावातच राहिली. पहिल्या मुलाखतीत अधिकारी बाईंनी विचारलं, सरकारी अधिकाऱ्याशी कधी खोटं बोललात का? तोंडाने 'नाही' म्हणत याने नंदीबैलासारखी मान वरखाली केली. बाईंनी पुन्हा विचारलं, म्हणजे हो? त्यांना कशाला दुखवायचं, म्हणून हा भला गृहस्थ 'हो' म्हणून मोकळा झाला.

म्हणून आज येताना बोटीवर त्सोन्काने शिकवणीच लावली होती. मास्तरीण होती सात वर्षांची नात मिला. हा समुद्र आहे का? हो, मान वरखाली. तुम्ही चोर आहात का? नाही, मान आडवी. आजोबांनी दहापैकी दहा मिळवले. शेजारच्या बाकावरचं कुटुंब हसू दाबत बघत होतं. तेही कुठून तरी आलेलंच दिसत होतं, पण त्यांच्या माना सरळ असाव्यात.

वर चढायच्या रांगेत तपासणीवाल्याने दोब्रीला विचारलं, पिशवीत चाकू आहे का? दोब्रीने ठामपणे मान हलवली. वरखाली. झालं. पिशवी उपसली गेली, त्सोन्काने पहाटे उठून केलेली चीज भरलेली पदरांची बानित्सा टेबलावर पसरली, तिचे पदर सुटले, मागची रांग कुरकुरू लागली. चाकू नव्हताच. तोवर त्यांची वर जायची वेळ टळून गेली होती. वेसेला मिलाला घेऊन पुढच्या वेळेची विनवणी करायला गेली आणि नवराबायको बाकावर बसले.

"दोनच शब्द आहेत रे, दोब्री. हो आणि नाही. माकडसुद्धा शिकेल."

"माकडाला मुलाखतीला बोलावत नाहीत."

"मंगळवारी हेच केलंस तर सगळं पहिल्यापासून. अर्ज, बोटांचे ठसे, वकील. मी काही पुन्हा तुझ्याबरोबर येणार नाही, सांगून ठेवते."

दोब्रीने बानित्साचा चुरा तोंडात टाकला.

"भाषा बदलली," तो म्हणाला. "दोब्रीचा डॉबी झाला, तेही गिळलं. कागद अडकले म्हणून आईला माती द्यायला गेलो नाही. मान काही मी हट्टाने ठेवली नाही, त्सोन्का. ती आपली राहून गेली."

यावर त्सोन्काचा राग आणखीच वाढला. समोरच्या बेटावर ती जुनी इमारत दिसत होती, जिथे बोटीतून उतरलेल्या लोकांना पूर्वी असेच प्रश्न विचारायचे. हो की नाही, पुढे सरका. त्यांतही असतील की कुणी बिचारे यांबोलचे, खरं बोलून फसलेले. तिला दोब्रीचा राग आला, प्रश्न विचारणाऱ्यांचा आला, आणि मग स्वतःचा. कारण अर्ज तिने भरला होता, वकील तिने गाठला होता, शिकवणी तिने लावली होती, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट विचारायची राहूनच गेली होती.

"दोब्री, तुला हवंय का हे?"

त्याने पाण्याकडे बघितलं. मग सावकाश मान हलवली. आडवी.

काल, शिकवणीच्या आधी, असती तर ती मान त्सोन्काला डोळे मिटून कळली असती.

"ही कुठली मान, दोब्री? तिकडची की इकडची?"

त्याने खरंच विचार केला. "आता मलाही सांगता येत नाही," तो म्हणाला.