कॉलरवालीची दुभाषी

शेजाऱ्याच्या घराचा, बैलाचा, गाढवाचा लोभ धरू नये, ही बायबलमधली आज्ञा मी संडे स्कूलच्या पोरांकडून वर्षानुवर्षं घोकून घेत आले. त्यात वर्गमैत्रिणीच्या गळ्यातल्या पाळकाच्या पांढऱ्या कॉलरचा उल्लेख नाही, एवढ्या आधारावर मी स्वतःला माफ करत होते.

आम्ही दोघी एकाच ख्रिस्ती कॉलेजात ईश्वरविज्ञान शिकलो. खोलीही एकच. ती केरळची, मी नागपूरकडची. ग्रीकच्या पेपराला ती माझ्या जिवावर तरली आणि उपदेशाच्या तासाला पहिला नंबर माझा असायचा, हे इथे मुद्दाम लिहिते. दुसरं कोणी लिहिणार नाही. शेवटच्या वर्षी माझं लग्न ठरलं. नवरा रेल्वेत, रायपूरला. इथल्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, मला संडे स्कूल दिलं, महिला सभेच्या सतरंज्या दिल्या, कोणाच्या घरी कोणी वारलं की तिथला स्वयंपाक दिला. व्यासपीठ तेवढं दिलं नाही. तिला तिच्याकडे पाळकपदाची दीक्षा मिळाली, कॉलर मिळाली, मग इस्पितळातल्या रुग्णांची सेवा, मग परदेशातली मंडळी.

आमच्या वर्गाचा फोनवर ग्रुप आहे. एक जण ओडिशाच्या पहाडात शाळा चालवतो. एकानं सेवा सोडली आणि विमा विकायला घेतला. विमावाल्याचा निरोप आला की मी लगेच फुलं पाठवते. तिचा फोटो आला की भांडीकुंडी आवरल्यावर एक अंगठा. दुपारभर तोच फोटो मोठा करकरून पाहिलेला असतो, ते ग्रुपला दिसत नाही. घरात दिसतं, याची मला कल्पना नव्हती.

मला परदेश नको होता. मला एवढंच हवं होतं की माझ्या लोकांनी एकदा तरी आपलं दुःख घेऊन माझ्याकडे यावं. सतरंज्या मागायला नव्हे.

गेल्या हिवाळ्यात ती भारतात येणार असं कळलं आणि आमच्या पाळकसाहेबांनी तिला वार्षिक सभेत उपदेशाला बोलावलं. मला म्हणाले, "दीदी, वो अंग्रेज़ी में बोलेंगी। ट्रांसलेशन आप ही कर दीजिए, आपकी तो सहेली हैं।" व्यासपीठावर चढायची माझी पहिली वेळ, आणि तीही दुसरीची जीभ होऊन.

"काहून तोंड पाडून राहिली?" नवरा म्हणाला. "वर तं चढून राहिली ना?"

सभेच्या सकाळी ती समता कॉलोनीत आमच्या घरी आली. मी फरा, म्हणजे तांदळाचे वाफवलेले मुटके, आणि टमाटरची चटणी केली होती. तिखट लागेल, डोळ्यांत पाणी येईल, अशी माझी बारीकशी आशा होती. तिनं दुसऱ्यांदा मागून घेतले. माझ्या मुलीशी तर अशी गप्पांत रमली की मी चहा घेऊन दोनदा उभी राहिले, कोणी वर पाहिलं नाही. मुलगी आमची एकुलती एक. इंग्रजी शाळेत शिकली, आता जवळच्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. घरात मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. तिच्या तोंडून मराठी वाक्य मी शेवटचं कधी ऐकलं, आठवत नाही.

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, तसा मला मैत्रिणीचा उपदेश लागला. साधी वाक्यं, मध्येच थांबणं. मी हिंदी करताना त्यात माझ्या पदरची मिरची घातली. आवाज चढवला, हात उडवले. दुभाष्याचा एक रिवाज असतो. "ती म्हणते" असं म्हणायचं नाही, बोलणाऱ्याचंच होऊन बोलायचं. ती आपल्या दीक्षेच्या दिवसाबद्दल बोलली, तेव्हा मीच माईकवर म्हणाले, "जिस दिन मुझे पादरी बनाया गया, मेरे घुटने काँप रहे थे।" ते वाक्य मी जरा लांबवलं. शेजारणीची साडी आरशासमोर अंगाला लावून पाहावी, तसं ते लावून पाहिलं. छान दिसत होतं.

मग माईक बंद झाला आणि प्रार्थनेसाठी रांग लागली. एकेकानं पुढं यायचं, दुःख सांगायचं, मी ते तिला इंग्रजीत सांगायचं, तिनं डोक्यावर हात ठेवायचा. आमच्या गल्लीतली बाई पहिलीच होती. तिच्या दारातला कढीपत्ता मी तोडते, माझ्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा ती नेते. कधीही विचारा, "सब बढ़िया, दीदी।" ती पाहुणीसमोर पदरात तोंड घालून रडली. तिचा मुलगा कधीचा घर सोडून गेला होता, फोनही उचलत नव्हता. ते मला तिथं, दुभाषी म्हणून कळलं. पिकतं तिथं विकत नाही, हे मला पाठ आहे, पण त्या दिवशी माझ्या लोकांचं दुःख माझ्याच तोंडून दुसरीच्या पदरात पडत होतं. माझ्या पोटात असं दुखलं की एक वाक्य मला दोनदा सांगावं लागलं.

आणि रांगेत माझी मुलगी पुढं आली.

इंग्रजी फाडफाड बोलणारी. तिला दुभाषी कशाला? तिनं ओढणी डोक्यावर घेतली, गुडघे टेकले आणि माझ्याकडे न बघता चक्क मराठीत बोलली. ती भाषा पाहुणीला येत नव्हती. तिथं जवळ असलेल्यांत ती फक्त मला येत होती.

"मले मम्मीच्या कॉलेजात जायचं आहे. सीट भेटली. मम्मीले नाही सांगितलं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. मैत्रिणीनं विचारलं, का?

"काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मम्मीले जळन होईल. तुमचा फोटो पाहते तवा तिचा चेहरा कसा होते, मी पाहिला आहे. माझ्याकडे तशी पाहिली तं मी जाऊ नाही शकत."

अभ्यासासाठी प्रार्थना मागते आहे, एवढं म्हणून मला सुटता आलं असतं. पण समोरची पोरगी इंग्रजी ऐकत होती. मी रिवाजाप्रमाणे तिचीच होऊन बोलले. माझ्या आईला माझा हेवा वाटेल, म्हणून सांगितलं नाही. तिनं माझ्याकडे तसं पाहिलं तर माझ्यानं जाववणार नाही. माईक बंद होता, ही देवाची कृपा.

मैत्रिणीनं मुलीच्या डोक्यावरचा आपला हात काढला. माझा हात धरला आणि तिथं ठेवला. "ही प्रार्थना तू कर," म्हणाली. तेवढ्यातही माझ्या मनात आलं, घ्या, मोठेपणाही हिचाच!

मुलीचं म्हणणं खरं होतं. मला तिचा हेवा वाटत होता. तिला अजून सगळं व्हायचं होतं. तिच्या हाती कोणी सतरंज्या देणार नव्हतं, आणि दिल्या तरी तिनं घेतल्या नसत्या. मी माझ्या मराठीत प्रार्थना सुरू केली. रांगेतल्या सगळ्यांनी डोळे मिटले. तिनं मिटले नाहीत. मान वर करून ती माझं तोंड पाहत होती.

मी तोंड फिरवलं नाही. प्रार्थना अर्ध्यात थांबवली.

"काय दिसून राहिलं?" मी हळूच विचारलं.

"जळनच दिसून राहिली, मम्मी."

"हव," मी म्हणाले. "दिसू दे. तरी तू जाय."