मामांचा कारबोरेटर आणि माझा उजवा पाय

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी ही गोष्ट सांगताना अगदी गंभीर असते, आणि ऐकणारं माणूस मधेच फुटलं की मला वाटतं माझ्या तोंडाला काहीतरी लागलंय.

तर झालं असं, की मी एक धडधाकट इंजिन पाऊण तास बंद पाडून ठेवलं. चौदा माणसांसमोर. नुसत्या पायाने.

आमचा निलंग्याला मंडपाचा धंदा आहे. बांबू, कापड, खुर्च्या, स्टेजची लाल गादी, सगळं वाहायला एक जुना पेट्रोलचा ट्रक. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, तो कधीकाळी लष्कराच्या लिलावात घेतला. गावात त्याला रणगाडा म्हणतात. मामा त्याला काहीच म्हणत नाहीत, नुसतं त्याच्याकडे बघतात. तसं त्यांनी आत्यांकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे, कधी बघितलेलं मी पाहिलेलं नाही.

हा रणगाडा सकाळी सुरू करणं म्हणजे एक विधी होता. चोक दोन बोटं ओढायचा. अ‍ॅक्सिलरेटर तीनदा दाबून सोडायचा. मग पाय तळाला टेकवून किल्ली फिरवायची आणि सोडायचं नाही. गाडी खोकायची, शिंकायची, मग एकदम पेटायची. काळा धूर थेट आमच्या खिडकीतून आत. आत कोण? माझी दोन वर्षांची ओवी.

आता मी कशी आई आहे ते तुम्हाला माहीतच आहे. ओवी शिंकली की मी थर्मामीटर शोधते. नाही शिंकली तर, का शिंकली नाही, म्हणून शोधते. त्या पेट्रोलच्या वासाने माझी झोप उडाली. त्यात मी बी.एस्सी. झालेली, लग्नाआधी लातूरला क्लासमध्ये शिकवायची. मोबाईल घेऊन बसले आणि आठ दिवसांत शोध लावला, की सगळा दोष कारबोरेटरचा आहे. हवा आणि पेट्रोल अंदाजपंचे मिसळणारं ते भांडं काढायचं आणि इंजेक्शन बसवायचं. पेट्रोल मोजून फवारलं जातं. किती फवारायचं, ते कंप्युटर ठरवतो.

मामांना हे पटवायला तीन संध्याकाळी लागल्या.

"कारबोरेटरला काय धाड भरली?" मामा म्हणाले. "म्या निस्ता आवाज ऐकून स्क्रू लावतो त्येचा."

"म्हणून तर मामा. तुम्ही नसलात तर कोण ऐकणार?"

"मी कुटं चाललो?"

हे जरा चुकलंच माझं. पण शेवटी ओवीच्या खोकल्याने बाजू सावरली. मामा नातीसाठी काहीही करतात. फक्त जाता जाता अट घातली. "भर कामात एक डाव जरी दगा दिला ना, तर कारबोरेटर परत चढवायचा. आन् मंग पुन्यांदा ह्या घरात गाडीवर तू बोलायचं न्हाई."

मी म्हटलं, हाव.

इंजेक्शनचं किट बसवायला ट्रक लातूरच्या मुजीबभाईंच्या गॅरेजात बारा दिवस होता. टाकीत विजेवर चालणारा नवा पंप, सायलेन्सरच्या पाइपात सेन्सर, सीटखाली कंप्युटरचा डबा. मुजीबभाई माणूस कसबी. काम झाल्यावर माझा नवरा विशाल ट्रक घेऊन घरी आला, आणि पुढचे तीन दिवस त्यानेच चालवला. किल्ली फिरवली की सुरू. धूर नाही, वास नाही. मी ओवीला खिडकीत बसवून फोटोसुद्धा काढला.

मामा मात्र त्या गाडीत बसले नाहीत. काढलेला कारबोरेटर त्यांनी रॉकेलने धुतला, धोतराच्या फडक्यात बांधला आणि कपाटात ठेवला. माझ्या शालूच्या शेजारी.

आणि मग पहिलं खरं काम आलं. औराद रस्त्याला एका गावात साखरपुडा. दुपारपर्यंत मंडप उभा पाहिजे. विशाल मोटरसायकलवर पुढे गेला होता, बांबूंसाठी खड्डे घ्यायला. ट्रक लादून तयार. वर पाच गडी, दारात आत्या, दोन जावा, समोरच्या वाड्यातल्या काकू, त्यांच्याकडे आलेले पाहुणे. ट्रक मामा नेणार होते. ते चाकाशी उभे राहिले, हात मागे बांधले, आणि म्हणाले, "चालू तूच करून दे."

"मी?"

"तुझी मशीन हाय. म्या हात लावला आन् बंद पडली तर म्हनशील मामांनीच बिगडवली."

आता मला सांगा, अशा वेळी शहाणी बाई काय म्हणेल? ओवीला भूक लागलीय म्हणेल आणि घरात जाईल. मी ओवीला जावेच्या कडेवर दिलं, पदर खोचला आणि वर चढले.

किल्ली एक टप्पा फिरवली. टाकीतून पंपाचा बारीक आवाज आला. छान. पुढे फिरवली. घर्र, घर्र, घर्र, घर्र.

काही नाही.

"दाब!" वरून एक गडी.

मी तर दाबूनच होते. सहा वर्षं मामांना बघितलेलं. तीनदा दाबून सोडला, मग तळाला. घर्र, घर्र.

"नीट दाब ना गं," आत्या म्हणाल्या. "निस्तं बोट टेकवून काय होतंय?"

मी चप्पल काढली. अनवाणी पायाने जोर जास्त लागतो असं मला वाटलं. का वाटलं, ते विचारू नका. घर्र, घर्र.

काकू म्हणाल्या, नजर लागली. खिडकीत लेकराचा फोटो काढत होतीस ना, तेव्हाच लागली. पाहुण्यांपैकी एकाने पेट्रोल आहे का विचारलं. टाकी भरलेली होती. मग बॅटरी दमायला लागली, तर शेजारचा ट्रॅक्टर आणून वायरी जोडल्या. आता बॅटरीत दम आला आणि माझा संपला. मी उजव्या पायावर डावा पाय ठेवला आणि दोन्हींनी दाबला. स्टिअरिंगला धरून जवळजवळ उभीच राहिले.

घर्र, घर्र, घर्र.

 मामांनी घड्याळ बघितलं आणि ते घरात गेले. कपाटाचं दार करकरलेलं मला ट्रकपर्यंत ऐकू आलं.

 मी मुजीबभाईंना व्हिडिओ कॉल लावला. माझे हात किल्लीत अडकलेले, म्हणून फोन आत्यांच्या हातात दिला आणि त्यांना शेजारी बसवलं. आत्यांनी मुजीबभाईंना आधी आभाळ दाखवलं, मग स्वतःचा कान.

"आत्याबी, मोबाईल सीधा धरा," मुजीबभाई ओरडले. "भाभी, पंपाचा आवाज येऊन राहिला का?"

"येतोय."

"लाल दिवा?"

"नाही."

"मंग तर चालू व्हायला पायजे. एक डाव मारा बरं, मला ऐकू द्या."

मी मारला. घर्र, घर्र. मुजीबभाई गप्प झाले. गॅरेजवाला गप्प झाला की डॉक्टर गप्प झाल्यासारखं वाटतं. म्हणाले, "समजंना. मी निघतो गाडीवर. दीड घंटा लागंल."

दीड तास! तोवर नवरदेवाकडचे लोक उन्हात उभे. आत्या घाबरल्या आणि त्यांच्या हातातला फोन खाली कलंडला.

"थांबा थांबा थांबा," फोनमधून आवाज आला. "आत्याबी, हलवू नका. भाभी... ते काय हाय?"

"कुठे?"

"खाली. दोन पाय दिसून राहिलेत."

"माझे आहेत."

"ते माहीत हाय. कशावर हाईत?"

मी खाली बघितलं.

"भाभी," मुजीबभाई अगदी हळू आवाजात म्हणाले, "पाय काढा."

"काढले."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"आता किल्ली."

अर्ध्या फेरीत इंजिन सुरू झालं. इतकं गुपचूप, की वरच्या गड्यांना कळलंच नाही. एक जण अजून 'दाब' म्हणत होता.

मुजीबभाईंनी मग समजावलं. नव्या गाडीत सुरू करताना पाय लावायचाच नसतो, हे त्यांनी गाडी देताना विशालला सांगितलं होतं. तळापर्यंत दाबला, तर कंप्युटर समजतो की इंजिनात पेट्रोल जास्त झालंय, आणि तो पेट्रोल बंदच करून टाकतो. म्हणजे पाऊण तास मी त्या इंजिनाला दोन्ही पायांनी सांगत होते, पुरे, आता काही घेऊ नकोस. आणि ते बिचारं ऐकत होतं. आमच्या घरात माझं इतकं कुणीच ऐकत नाही.

तेवढ्यात मामा बाहेर आले. एका हातात पाना, दुसऱ्या हातात फडक्यातला कारबोरेटर. इंजिन चालू बघून थबकले.

"काय झालतं?"

आता बघा. खरं सांगायचं म्हणजे चौदा माणसांसमोर नाक कापून घ्यायचं. माझ्या तोंडातून आपोआप निघून गेलं, "वायर लूज होती मामा. लावली."

मामांनी मान हलवली. "म्हंजे दगा दिला. भर कामात. हे काम उरकून येतो, संध्याकाळी हा चढवू." आणि कारबोरेटर गाडीत ठेवायला वाकले.

मी फोनकडे बघितलं.  बारा दिवस एकेक वायर जोडलेला माणूस, नुसता माझ्याकडे बघत होता. पलीकडे जावेच्या कडेवर ओवी, तिला आज पहिल्यांदाच ट्रकच्या इतक्या जवळ असून खोकला आला नव्हता.

"मामा," मी म्हटलं. "वायर नव्हती. माझा पाय होता."

"पाय?"

"दाबून धरला होता. तसा धरला की ती सुरू होत नाही."

"कवाधरनं?"

"पहिल्यापासनं."

मागे काकूंनी तोंडाला पदर लावला.

"म्हंजे गाडीत खोट न्हाई."

"नाही."

"खोट तुझ्यात हाय."

"हाव."

 मामांनी मला खाली उतरवलं, कारबोरेटर माझ्या हातात दिला, वर चढले, दोन्ही पाय नीट बाजूला घेतले, इंजिन एकदा बंद केलं आणि नुसत्या दोन बोटांनी पुन्हा सुरू केलं. चेहऱ्यावर रेष हलली नाही. पण त्यांनी ते आणखी दोनदा केलं.

मग गियर टाकता टाकता आत्यांच्या हातातल्या फोनकडे वाकून म्हणाले, "मुजीब, काम झ्याक केलंस. आता येवढं बग, आमच्या सूनबाईला बी असला एक कंप्युटर बसतो का."

पलीकडे मुजीबभाईंनी फोन जवळ घेतला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि अगदी गॅरेजातल्या सुरात म्हणाले, "न्हाई मामा. त्या मॉडेलला किट येत न्हाई."